अद्भुताचा आस्वाद आणि समीक्षेचा संकोच

मराठी समीक्षेच्या परिभाषेत ‘आस्वाद’ ही संज्ञा मध्यवर्ती मानली जाते. आस्वादातून आकलन, आकलनातून विश्लेषण आणि विश्लेषणातून मूल्यमापन, हा क्रम पदव्युत्तर वर्गात आपण पहिल्याच सत्रात शिकवतो. मात्र हा आस्वाद कोणाचा आणि कशाचा, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. काही वाचकांचा आस्वाद समीक्षेचा प्रारंभबिंदू ठरतो आणि काहींचा आस्वाद हे अभिरुचीच्या अपरिपक्वतेचे लक्षण ठरते. ही विभागणी कोणत्या निकषावर होते, याचा विचार करण्यास प्रवृत्त करणारा एक प्रसंग अलीकडे घडला. प्रस्तुत लेखाचे निमित्त तेच आहे.

माझ्या मार्गदर्शनाखाली काम करू इच्छिणाऱ्या एका विद्यार्थिनीने संशोधन समितीपुढे एक विषय मांडला. मराठीतील व्रतांच्या कहाण्या आणि आजची स्त्रीकेंद्री इंग्रजी अद्भुतरम्य कादंबरी यांचा तौलनिक अभ्यास, असे त्याचे स्वरूप होते. कहाण्यांविषयी कोणाचा आक्षेप नव्हता. त्यांना लोकवाङ्मय म्हणून आता प्रतिष्ठा आहे. आक्षेप होता तो दुसऱ्या पदाला. ‘हे निव्वळ स्वप्नरंजन आहे, यात संशोधन ते कशाचे करणार?’ असा प्रश्न आला आणि विषय परत गेला. समितीतील कोणीही त्यांपैकी एकही कादंबरी वाचलेली नव्हती आणि तसे सांगण्यात कोणाला संकोचही वाटला नाही. नंतर चहाच्या वेळी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सौम्यपणे विचारले, ‘मॅडम, हे तुम्हीही वाचता?’ मी ‘हो’ म्हणाले. परंतु त्या होकारात क्षमायाचनेचा जो सूर उमटला, त्याची लाज मला आजही वाटते. या कादंबऱ्या मी वाचल्या आहेत, आवडीने वाचल्या आहेत, आणि त्या आवडीचे समर्थन करण्यापेक्षा तिचे विश्लेषण करणे हे माझे काम होते. ते त्या दिवशी केले नाही, म्हणून येथे करीत आहे.

१

ज्या वाङ्मयाविषयी हा वाद आहे ते नेमके कोणते, हे प्रथम सांगितले पाहिजे. गेल्या दहा-बारा वर्षांत इंग्रजीत, विशेषतः अमेरिकेत, अद्भुतरम्य कादंबरीचा एक उपप्रकार ठळकपणे पुढे आला. फँटसी आणि रोमान्स या दोन शब्दांच्या संयोगातून त्याला ‘रोमँटसी’ हे नाव पडले. कल्पित भूगोल, नियमबद्ध जादू, केंद्रस्थानी एक तरुण स्त्री आणि कथानकाच्या बरोबरीने वजन असलेली प्रेमकथा, ही त्याची स्थूल लक्षणे होत. सारा जे. मास यांची ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ ही कादंबरी २०१५ साली प्रसिद्ध झाली आणि तिची मालिका बनली. रिबेका यारोस यांची ‘फोर्थ विंग’ २०२३ साली आली. त्याच मालिकेतील तिसऱ्या भागाच्या, म्हणजे जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या ‘ऑनिक्स स्टॉर्म’च्या, पहिल्या आठवड्यातच २७ लाखांहून अधिक प्रती खपल्या. नेओमी नोविक यांच्या ‘अपरूटेड’ (२०१५) आणि ‘स्पिनिंग सिल्व्हर’ (२०१८) या दोन कादंबऱ्या या व्यापारी लाटेच्या काठावर उभ्या आहेत. परंतु सबल नायिका, जादू आणि प्रेम ही सूत्रे त्यांतही मध्यवर्ती आहेत. खपाचे आकडे वाङ्मयीन गुणवत्तेचा पुरावा नसतात, हे मान्य. ते गुणवत्तेच्या अभावाचाही पुरावा नसतात, एवढेच त्याला जोडून म्हणावयाचे आहे.

या वाङ्मयाविरुद्धचा पूर्वपक्ष तीन आक्षेपांत मांडता येतो. हे वाङ्मय पलायनवादी आहे, हा पहिला. ते ठोकळेबाज आहे, साच्यातून निघते, हा दुसरा. आणि त्यातील नायिकेची सबलता फसवी आहे, अखेर ती एका बलाढ्य पुरुषाच्या बाहुपाशातच विसावते, हा तिसरा. पहिले दोन आक्षेप आळसातून आलेले आहेत असे माझे मत आहे. तिसऱ्यात तथ्य आहे. परंतु तो घेण्याचा अधिकार पुस्तक वाचलेल्यालाच असतो.

२

पलायनवादाचा आक्षेप मराठीत जुना आहे. भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या ‘यमुनापर्यटन’, ‘मुक्तामाला’ आणि ‘मोचनगड’ अशा तीन प्रवृत्ती कल्पिल्या, हे ‘टीकास्वयंवर’च्या (१९९०) वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. बाबा पदमनजींच्या १८५७ च्या कादंबरीपासून निघणारी वास्तवाची वाट ही खरी, आणि लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या १८६१ च्या ‘मुक्तामाले’पासून निघणारी वाट रंजनाची, असा हा मूल्यव्यूह आहे. फडके-खांडेकरांच्या कादंबरीविषयीचे आपले भ्रम दूर करण्यास या मांडणीचा मोठा उपयोग झाला, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. परंतु तिच्या आधारे शिकलेल्या दोन पिढ्यांनी एक घोटाळाही पदरात पाडून घेतला. अद्भुत आणि रंजन ही दोन पदे समानार्थी मानली गेली. वास्तविक रंजनवादी कादंबरी बाह्यतः पूर्ण वास्तववादी असू शकते. मोटारी, टेनिस, महाविद्यालये आणि दिवाणखाने यांनी सजलेल्या फडक्यांच्या कादंबरीत अद्भुत असे काहीच नाही. उलट अद्भुत हे वास्तवाच्या अत्यंत कठोर परीक्षणाचे साधन होऊ शकते. ‘मुक्तामाला’ या एकाच पोत्यात दोन्ही भरल्यामुळे अद्भुताची स्वतंत्र मीमांसा करण्याची आपली शक्तीच क्षीण झाली.

ही शक्ती आपल्या परंपरेत नव्हती असे नाही. अद्भुत हा रस आणि विस्मय हा त्याचा स्थायिभाव. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त आपले पूर्वज नारायण यांचे मत नोंदवले आहे, त्यानुसार चमत्कार हेच सर्व रसांचे सार असल्याने सर्वत्र अद्भुत हाच रस आहे. हे मत टोकाचे आहे, पण विस्मयाला पोरकटपणा न मानणारी एक शास्त्रपरंपरा येथे होती, एवढे त्यातून निश्चित दिसते. याहूनही उपयुक्त आहे ते अभिनवगुप्ताचे रसविघ्नांचे विवेचन. त्याने सांगितलेल्या सात विघ्नांपैकी पहिले आहे ‘संभावनाविरह’. जे घडणे शक्यच वाटत नाही त्यात प्रेक्षकाचे चित्त विसावत नाही, आणि म्हणून लोकोत्तर कृत्ये दाखवताना रामादिकांसारखे प्रख्यात नायक घ्यावेत, असे तो सुचवतो. अडचण घटनेच्या अलौकिकत्वाची नसून ग्रहण करणाऱ्याच्या मनातील विश्वासाची आहे, ही येथील सूक्ष्म दृष्टी होय.

आधुनिक अद्भुतरम्य कादंबरीकाराजवळ प्रख्यात नायक नसतो. विश्वास त्याला कादंबरीतच निर्माण करावा लागतो, आणि तो निर्माण होतो नियमांतून. जादूची किंमत काय, ती कोणाला येते, कशाने संपते, हे ठरवावे लागते आणि एकदा ठरवले की शेवटपर्यंत पाळावे लागते. टॉल्किन यांनी परीकथांवरील १९३९ च्या व्याख्यानात कल्पित जगाच्या या अंतर्गत सुसंगतीवरच भर दिला होता. कैद्याने तुरुंगातून बाहेर पडू पाहणे आणि सैनिकाने रणांगणातून पळणे या दोन गोष्टींची गल्लत करू नये, हेही त्यांनी तेथेच बजावले होते. पलायनवादाचा आरोप करणाऱ्याने म्हणूनच आधी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे. वाचणारी व्यक्ती कोठून निघाली आहे? ती रणांगणावर होती की कोठडीत?

३

नोविक यांची ‘अपरूटेड’ या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. पोलिश लोककथांच्या मातीत ती रुजलेली आहे. एका खोऱ्यातील लोकांचे रक्षण करणारा जादूगार दर दहा वर्षांनी तेथील एक सतरा वर्षांची मुलगी आपल्या मनोऱ्यात घेऊन जातो. सुंदर, धीट कासियाच निवडली जाणार, असे सगळ्यांनी तिच्या लहानपणापासून गृहीत धरलेले असते. निवड होते ती तिच्या मैत्रिणीची, कपडे फाडून घेणाऱ्या, गबाळ्या अग्निएश्काची. कारण तिच्या अंगी जादू असते. जादूगार तिला शिकवू लागतो. त्याचे मंत्र लांबलचक, काटेकोर, ग्रंथस्थ. एकेक अक्षर जागेवर पडले पाहिजे. अग्निएश्काला ते साधत नाही, साधले तर तिची सारी शक्ती त्यात संपते. मग तिला त्याच्या ग्रंथालयात यागा नावाच्या जुन्या चेटकिणीची एक लहानशी वही सापडते. त्याच्या मते ती निरुपयोगी, कारण तीत नीट सूत्रेच नाहीत. अग्निएश्काला मात्र त्या वहीतील जादू सहज येते. रानात वाट काढावी, फळे वेचावीत, गाणे गुणगुणावे, तशी ती जादू करते. प्रत्येक वेळी वाट थोडी निराळी असते. जादूगार संतापतो, कारण जे शास्त्रात बसत नाही ते त्याच्या डोळ्यांसमोर घडत असते.

ग्रंथ आणि मौखिकता, मार्गी आणि देशी, शास्त्र आणि बायकांच्या हातचे ज्ञान यांचा हा संघर्ष आहे, हे मराठीच्या प्राध्यापकाला वेगळे सांगावे लागू नये. देशीयतेवर चर्चासत्रे घेणाऱ्या आपणांस ही कादंबरी जवळची वाटावयास हवी होती. तिच्यातील प्रेमकथाही या संघर्षापासून अलग काढता येत नाही. दोघे मिळून एक मंत्र चालवतात, त्याची रेखीव रचना आणि तिची वाहती चाल एकमेकींत मिसळतात, आणि त्यातून एक गुलाब उमलतो, त्या क्षणी शृंगार प्रथम उगवतो. येथे शृंगार आणि अद्भुत यांना एकच विभाव आहे. ‘जादू आणि प्रेम यांची मिसळ’ म्हणून जिची हेटाळणी होते, ती रससंकराची इतकी स्वच्छ जागा आहे.

शेवटही पाहावा. गावे गिळणारे दुष्ट अरण्य हा कथेतील शत्रू. त्याच्या मुळाशी एक राणी आहे. मनोऱ्यातील माणसांच्या राजाशी तिचा विवाह झाला होता, पुढे माणसांनी तिला कोंडले आणि तिच्या वृक्षरूप आप्तांवर कुऱ्हाड चालवली. अरण्याचे विष हे त्या अन्यायाचे साकळलेले दुःख आहे. अग्निएश्का अरण्य जाळून विजय मिळवत नाही. ती राणीला विसावा देते आणि मग त्याच अरण्यात झोपडी करून एकेक झाड बरे करीत राहते. यात पलायन कोठे आहे? शत्रूला इतिहास असतो आणि विजयानंतरचे काम हळू, रोजचे आणि निनावी असते, हे ज्याला पलायन वाटते त्याने वास्तववादाची आपली व्याख्या तपासून पाहावी.

४

आता साच्याचा आक्षेप. या कादंबऱ्यांत साचा आहे, हे निर्विवाद. परंतु साचा हा दोष आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी ओवी, आख्यान, लावणी, संगीत नाटक आणि स्वतः कहाणी यांचे काय करावयाचे ते सांगावे. आटपाट नगर, नावडती, रानातली भेट, उतू नको-मातू नको हा वसा आणि साठा उत्तरांची सांगता हा घट्ट साचाच आहे. श्रावणी सोमवारच्या कहाणीतील नावडतीला उष्टे अन्न आणि जाडेभरडे वस्त्र मिळते, गुरांच्या गोठ्यात तिची वस्ती असते. रानात नागकन्या-देवकन्या भेटतात आणि शिवामुठीचा वसा देतात. शेवटी तिच्यामुळेच देऊळ सोन्याचे होते आणि घर तिच्यापुढे नमते. आपण या कहाणीत स्त्रियांचे दडपलेले मनोगत वाचतो, तारा भवाळकरांसारख्या अभ्यासकांनी तसे वाचण्याची दृष्टी आपल्याला दिली. मग तेच मनोगत इंग्रजी कादंबरीत आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आले की ते स्वप्नरंजन कसे होते? लोकवाङ्मय मेल्यावर पूज्य आणि जिवंतपणी बाजारू, असा आपला न्याय आहे काय?

साच्याचे खरे सामर्थ्य तो मोडण्यात असते. मोडण्यासाठी तो आधी वाचकाच्या मनात पक्का असावा लागतो. मास यांच्या मालिकेचा पहिला भाग ‘ब्यूटी अँड द बीस्ट’च्या साच्यावर रचलेला आहे. गरीब, निरक्षर फेरा भिंतीपलीकडच्या जगात नेली जाते, तेथील अधिपती टॅमलिनच्या प्रेमात पडते आणि त्याच्यासाठी प्राणांतिक परीक्षा देते. येथे सुखान्त झाला. दुसऱ्या भागात (२०१६) त्याच सुखान्ताचे शवविच्छेदन होते. टॅमलिनचे प्रेम म्हणजे रक्षण आणि रक्षण म्हणजे बंदी, हे हळूहळू उघड होते; तो तिला तिच्याच ‘भल्यासाठी’ घरात कोंडतो तेव्हा ती कोलमडते आणि निघून जाते. पहिल्या भागात ज्या वाचिकेने टॅमलिनवर प्रेम केले, तिला दुसऱ्या भागात स्वतःच्या त्या आवडीची उलटतपासणी करावी लागते. पहिला भाग आवडला नसेल तर दुसऱ्या भागाचा आघात पोचतच नाही. येथे आस्वाद हेच समीक्षेचे द्रव्य बनते. अलिप्त राहून ‘हे सगळे सारखेच’ म्हणणाऱ्याच्या हाती ही गोष्ट कधीच लागणार नाही.

‘स्पिनिंग सिल्व्हर’ साचा निराळ्या रीतीने वापरते. गवताचे सोने करणाऱ्या मुलीची जर्मन लोककथा तिच्या तळाशी आहे. परंतु येथील मिर्येम ही ज्यू सावकाराची मुलगी आहे. बापाला वसुली जमत नाही, घरात उपासमार, आई आजारी. शेवटी मिर्येमच वही घेऊन दारोदार जाते. चांदीचे सोने करण्याची तिची ‘जादू’ म्हणजे प्रथमतः निव्वळ हिशेब, सौदा आणि बाजाराची जाण. त्या कीर्तीमुळे हिमलोकाचा राजा तिच्या दाराशी चांदी टाकतो आणि मागणी वाढवत जातो. दुसरीकडे कर्ज फेडण्यासाठी मिर्येमच्या घरी राबणारी वांडा ही शेतकऱ्याची मुलगी आकडे शिकते, आणि तिला ते आकडेच जादू वाटतात. सावकार म्हणजे लोभी म्हातारा, हे युरोपीय कल्पनेतील विषारी चित्र लेखिकेने सावकाराच्या मुलीच्या जागेवरून उलटवले आहे. सावकाराला मराठी कादंबरीत आपण बहुधा एकाच बाजूने पाहिले. कर्ज, वसुली आणि द्वेष यांचे नाते दोन्ही बाजूंनी पाहणारी ही अद्भुतिका आपल्या ग्रामीण साहित्याच्या अभ्यासकालाही काही शिकवून जाईल.

५

तिसरा आक्षेप नायिकेच्या सबलतेचा. येथे मात्र समर्थकांनीही सावध असावे. तलवार चालवणारी, फटकळ उत्तरे देणारी, सर्व दालनात एकटीच वेगळी असणारी नायिका हा आता बाजारातील तयार माल झाला आहे. तिचे वेगळेपण पुष्कळदा इतर स्त्रियांना सामान्य ठरवून सिद्ध केले जाते. तिच्या वाट्याला येणारा पुरुष शतकानुशतके जगलेला, अमाप सत्तेचा धनी आणि तिच्यापुरता मृदू असतो. सत्तेवर टीका करीत सत्ताधीशाशी लग्न लावण्याची ही सोय आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही.

मास यांच्याच मालिकेतील २०२१ चा ‘अ कोर्ट ऑफ सिल्व्हर फ्लेम्स’ हा भाग याचे बोलके उदाहरण होय. फेराला पहिल्या बंदिवासातून बाहेर पडण्यास साहाय्य करणारा ऱ्हायसँड, प्रत्येक निर्णय तिचा असावा असे म्हणणारा, आता तिचा पती आहे. ती गरोदर असते आणि ते बाळंतपण तिच्या जिवावर बेतणार असते. हे सत्य तो आणि त्याचे जवळचे वर्तुळ तिच्यापासून लपवून ठेवतात, अर्थात तिच्याच भल्यासाठी. टॅमलिनला जे अक्षम्य ठरले ते ऱ्हायसँडला क्षम्य ठरते. फेराची बहीण नेस्टा ते सत्य तिला सांगते. परंतु कादंबरी या सांगण्यातील रागाला दूषण देते आणि लपवण्यातील अपराध सौम्य करते. दुसऱ्या भागाने जो निकष घडवला, त्याच निकषावर हा भाग अपयशी ठरतो. असे जेव्हा मी म्हणते, तेव्हा मी वास्तववादाचा बाहेरून आणलेला दंडक वापरत नाही. या मालिकेनेच वाचिकेच्या हाती जे माप दिले, त्यानेच ती मोजते.

‘फोर्थ विंग’ची बाजू संमिश्र आहे. व्हायलेटची शरीरप्रकृती नाजूक, सांधे सहज निखळणारे. ग्रंथपालांच्या शाखेसाठी वाढलेल्या या मुलीला सेनापती असलेली आईच ड्रॅगनस्वारांच्या शाखेत ढकलते. ती टिकते ते अभ्यासाच्या बळावर. द्वंद्वाआधी प्रतिस्पर्ध्याला विष घालण्यापर्यंत तिची तयारी असते. वेदनेसह जगणाऱ्या देहाला नायकत्व देणे ही या कादंबरीची खरी मिळकत आहे. दुसरी मिळकत अशी की, राज्याने दप्तरखान्यातून एक अख्खा शत्रू आणि त्याबरोबर एक अख्खा इतिहास पुसून टाकला आहे, हे ज्ञान कथेच्या कळसाशी येते. पाठ्यपुस्तके कोण लिहिते, हा प्रश्न लक्षावधी तरुण वाचकांपुढे तिने ठेवला. त्याच वेळी तिची भाषा सपाट आहे, पात्रे विनोदाच्या एकाच पट्टीत बोलतात, आणि मृत्यू इतके स्वस्त आहेत की विस्मय आणि शोक दोन्ही बोथट होतात. नोविक यांच्या तुलनेत हे लेखन दुय्यम आहे, असे मी निःशंकपणे म्हणेन. समितीच्या सभासदांना हा फरक करता येणार नाही, कारण त्यांच्या लेखी ही एकच रास आहे. प्रकाराचा निषेध केला की कृतींमध्ये तरतम करण्याची जबाबदारी टळते, ही या निषेधाची मोठी सोय आहे.

६

या वाङ्मयाच्या वाचिकेविषयीही आपल्या मनात एक चित्र असते. ती भाबडी, वाहवत जाणारी, पुस्तक आणि जीवन यांत गल्लत करणारी. जॅनिस रॅडवे यांनी अमेरिकेतील रोमान्स-वाचक स्त्रियांशी प्रत्यक्ष बोलून ‘रीडिंग द रोमान्स’ (१९८४) हा ग्रंथ लिहिला, त्याला चार दशके उलटली. घरातील सर्वांची काळजी वाहणाऱ्या स्त्रिया पुस्तक उघडतात तेव्हा ‘हा वेळ माझा आहे’ असे जाहीर करीत असतात, ही त्यांची वाचनकृती अर्थपूर्ण आहे, असे रॅडवे यांना दिसले. कथांचा आशय मात्र त्यांना पुन्हा त्याच व्यवस्थेत आणून सोडतो, ही खंतही त्यांनी नोंदवली. कृती बंडखोर आणि संहिता आज्ञाधारक, असा तो पेच होता. वर पाहिलेल्या कादंबऱ्यांत संहिताच या पेचाविषयी बोलू लागली आहे. कोंडणारे प्रेम, लपवलेले सत्य, सौद्याने ठरलेला विवाह हे त्यांचे उघड विषय आहेत. मिर्येमला राजाने प्रथम पळवून नेऊन राणी केलेले असते. अखेरीस तो रीतसर मागणी घालतो आणि ज्यू रीतीप्रमाणे लेखी विवाहकरार होतो, तेव्हाच ती त्याची होते. एका हिशेबनीस मुलीच्या प्रेमकथेची याहून चोख सांगता मला सुचत नाही.

माझ्या वर्गातील मुली या कादंबऱ्या वसतिगृहात रात्री, लोकलच्या गर्दीत, भ्रमणध्वनीवर वाचतात. त्यांच्याशी बोलताना मला भाबडेपणा क्वचितच आढळला. ऱ्हायसँडचा अपराध मला प्रथम एका विद्यार्थिनीनेच दाखवून दिला, आणि तो दाखवताना ती चिडलेली होती. आवडत्या पुस्तकाने केलेला विश्वासघात असा तिचा सूर होता. समीक्षेचा जन्म याच चिडीतून होतो. आपण मात्र तिला आधी सांगतो, की तुझे आवडणेच चूक आहे. मग ती आपल्यापुढे नेमलेल्या पुस्तकांची नेमलेली उत्तरे लिहिते आणि आपली खरी मते अन्यत्र, इंग्रजीत मांडते. मराठीच्या वर्गात बसलेल्या मुलीला आपल्या सर्वांत तीव्र वाचनानुभवाविषयी मराठीत बोलण्याची परिभाषा मिळत नाही. ती आपणच तिला नाकारली आहे. मराठी वाचक कमी झाला म्हणून व्यासपीठांवरून हळहळताना या नकाराचा हिशेबही कोणी मांडावा.

आणखी एका योगायोगाकडे लक्ष वेधावेसे वाटते. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतील युटा राज्याने सर्व सार्वजनिक शाळांतून तेरा पुस्तके काढून टाकण्याचा आदेश दिला, त्यांतील सहा एकट्या सारा जे. मास यांची होती. तेथील आक्षेप अश्लीलतेचा, येथील आक्षेप उथळपणाचा. शाळेतील मुलांसाठी काय योग्य हा प्रश्न निराळा आहे आणि त्याचे उत्तर मी येथे देत नाही. परंतु नीतिरक्षक आणि अभिरुचिरक्षक, एरवी एकमेकांचे वैरी, तरुण स्त्रीच्या वाचनसुखापुढे आल्यावर एकाच रांगेत उभे राहतात, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. दोघांनाही त्या सुखाचा अभ्यास नको असतो, बंदोबस्त हवा असतो.

मम्मटाने काव्याच्या उपदेशाला कांतासंमित म्हटले. प्रभूसारखी आज्ञा नव्हे, मित्रासारखा सल्लाही नव्हे, प्रिय स्त्रीच्या बोलण्यासारखे ते हळूच मन वळवणारे असते. ही उपमा आपण पाठ करून परीक्षेत लिहितो. कांता स्वतः वाचू लागली, तिला काय रुचते ते सांगू लागली, की मात्र आपण प्रभुसंमित होतो.

माझी मागणी फार मोठी नाही. या कादंबऱ्या थोर आहेत असे समितीने म्हणावे, असा माझा आग्रह नाही. त्यांतील बहुतेक तशा नाहीत. त्या कशा आहेत हे तपासण्याचा मार्ग बंद करू नये, इतकेच म्हणणे आहे. माझी विद्यार्थिनी तोच विषय, शीर्षकातील एकही शब्द न बदलता, पुढील बैठकीत पुन्हा मांडणार आहे. मधल्या काळात सभासदांनी ‘अपरूटेड’ वाचावी. ती आवडली नाही तर का आवडली नाही ते लिहून आणावे; त्या टिपणाचा तिला प्रबंधात उपयोग होईल. आणि आवडली, तर चहाच्या वेळी तसे सांगण्यास कोणी संकोचू नये. मीही यापुढे संकोचणार नाही.